मऊ धातूची कठीण परीक्षा

परभणी जिल्हा १९४८ पर्यंत ज्या निजामाच्या राज्यात होता, त्याच्या पदरी एक पिवळी रोल्स-रॉइस होती. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी ती इंग्लंडहून मागवली, पण ती हैदराबादला पोचण्याआधीच, १९११ मध्ये, ते वारले. गाडी आली ती त्यांचे वारस मीर उस्मान अली खान यांच्या दारात. मागच्या बाजूला सिंहासनासारखी उंच बैठक, वर घुमटाकार छत आणि शाही मिरवणुकीला शोभेल असा सारा थाट. समारंभापुरतीच बाहेर पडणारी ही गाडी पुढच्या कित्येक दशकांत मिळून चारशे मैलही चालली नाही.

त्याच जातीच्या, म्हणजे पुढे 'सिल्व्हर घोस्ट' म्हणून ओळखल्या गेलेल्या फोर्टी-फिफ्टी मॉडेलच्या आणखी एका गाडीच्या नशिबी अगदी उलट आयुष्य आलं होतं. १९०७ च्या उन्हाळ्यात तिला पंधरा हजार मैल पळवण्यात आलं. पळवून झाल्यावर तिचं इंजिन सुटं करून प्रत्येक भाग तपासला गेला. थाट दोन्हींचा राजेशाही होता. पण आज परभणीच्या शेतात पाणी ओढणाऱ्या डिझेल इंजिनाच्या पोटातला एक छोटासा भाग समजून घ्यायचा, तर वाट त्या दुसऱ्या गाडीवरून जाते. तो भाग म्हणजे बेअरिंग.

बेअरिंग म्हटलं की बहुतेकांना सायकलच्या चाकातले छर्रे आठवतात. इंजिनातल्या मुख्य बेअरिंगांत मात्र बहुधा छर्रे नसतात. पिस्टन खालीवर होतो, कनेक्टिंग रॉड त्याची ताकद क्रँकशाफ्टकडे पोचवतो आणि क्रँक फिरतो. रॉडचं खालचं टोक क्रँकला जिथे कवटाळतं तिथे, आणि क्रँक इंजिनाच्या ठोकळ्यात जिथे टेकतो तिथेही, दोन अर्धगोल पाती समोरासमोर बसवलेली असतात. मेकॅनिक त्यांना 'शेल' म्हणतात. पातं बाहेरून पोलादाचं किंवा ब्राँझचं असतं आणि आतून त्याला एका मऊ धातूचा थर असतो. अख्ख्या इंजिनाचा भार या मऊ थरावर येतो.

पोलादाच्या क्रँकला मऊ धातूच्या कुशीत फिरवण्याची ही युक्ती मोटारीपेक्षा जुनी आहे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात आयझॅक बॅबिट नावाच्या कारागिराने १८३९ मध्ये तिचं पेटंट घेतलं. पुढे त्याच्या नावाने ओळखला जाऊ लागलेला हा मिश्रधातू मुख्यतः कथलाचा, त्यात थोडं अँटिमनी आणि थोडं तांबं. आपल्याकडच्या वर्कशॉपमध्ये त्याला व्हाइट मेटल किंवा बॅबिट म्हणतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्याची रचना स्पष्ट दिसते. मऊ कथलात कठीण कण विखुरलेले असतात. कण भार पेलतात, आणि भोवतालचं कथील किंचित दबून क्रँकच्या आकाराशी जुळवून घेतं. तेलातून धुळीचा कण आला तर तो या मऊ थरात रुतून बसतो आणि क्रँकवर ओरखडा पडायचं टळतं. तेल संपलंच तर थर आधी वितळतो, आणि महागडा क्रँक पुष्कळदा वाचतो. बेअरिंग स्वतः झिजतं आणि क्रँकला राखतं. म्हणूनच ते स्वस्तात बदलता येईल असं करण्याची धडपड शंभर वर्षं चालू राहिली.

पण नीट चालणाऱ्या इंजिनात हे दोन धातू एकमेकांना शिवतच नाहीत. मधे तेल असतं. किती आणि कसं, हे १८८० च्या दशकात बोशँप टॉवर या इंग्रज इंजिनिअरला जवळजवळ अपघाताने कळलं. तो रेल्वेच्या आसांच्या बेअरिंगांवर प्रयोग करत होता. बेअरिंगच्या माथ्यावर त्याने तेलासाठी एक भोक पाडलं होतं. आस फिरायला लागला की त्या भोकातून तेल वर उसळायचं. त्याने बूच ठोकलं, तर तेही बाहेर ढकललं गेलं. शेवटी तिथे दाबमापक लावला, तेव्हा बेअरिंगवरच्या सरासरी भाराच्या दुपटीहून जास्त दाब त्या तेलात निघाला. फिरता आस स्वतःच तेल ओढून आपल्याखाली घेत होता आणि त्यावर उचलला जात होता. १८८६ मध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने याचं गणित मांडलं. वंगणाचं सगळं आधुनिक शास्त्र त्या गणितापासून सुरू होतं.

मनमाडहून परभणीमार्गे सिकंदराबादकडे जाणारी रेल्वे विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर सुरू झाली. मीटरगेजच्या त्या जमान्यात पूर्णा जंक्शन हे रेल्वेचं मोठं ठाणं होतं. त्या काळच्या डब्यांच्या आसांची बेअरिंगं टॉवरने तपासली तशाच प्रकारची असायची, आणि त्यांना तेल पुरवायला आसपेटीत तेलात भिजवलेला कापसाच्या धाग्यांचा बोळा कोंबलेला असे. हा बोळा सुकला की आस तापे. गाडी स्टेशनात थांबली की आसपेट्यांना हात लावत जाणारा कर्मचारी नेमकं हेच तपासायचा.

मोटारीचं काम मात्र आगगाडीपेक्षा अवघड होतं. रेल्वेच्या आसावरचा भार बराचसा एकाच दिशेने, खालीच असतो. इंजिनात पिस्टनवर स्फोट होतो तेव्हा बेअरिंगला अचानक हादरा बसतो. पुढच्या क्षणी पिस्टन दिशा बदलतो आणि ओढ उलट बाजूने येते. एका मिनिटात हे शेकडो वेळा घडतं. सुरुवातीच्या मोटारी मालकाला रस्त्यात अडकवायच्या, त्याच्या कारणांत बेअरिंग हमखास असायचं. श्रीमंत गिऱ्हाईक हजार पौंडांच्या आसपासची चासिस विकत घेऊन वर आपल्या पसंतीची बॉडी चढवायचं. रेशमी गाद्या, चांदीचे दिवे हे सगळं बॉडी बांधणाऱ्याच्या हाती. चासिस बनवणाऱ्याला विकण्यासारखी गोष्ट एकच उरायची. ती म्हणजे भरवसा.

रोल्स-रॉइसचा हेन्री रॉइस हा या भरवशाच्या मागे वेड्यासारखा लागलेला माणूस. त्याची आधीची सहा सिलिंडरची गाडी क्रँकच्या कंपनांनी बेजार होती. लांब क्रँकला पीळ बसून तो थरथरायचा. नव्या फोर्टी-फिफ्टीत त्याने तीन-तीन सिलिंडरचे दोन ठोकळे पाठीला पाठ लावून मांडले, क्रँक जाड केला आणि त्याला सात मुख्य बेअरिंगांचा आधार दिला. तेल शिंपडून भागवण्याऐवजी पंपाच्या दाबाने पोकळ क्रँकमधून थेट बेअरिंगांपर्यंत पोचवलं. सात लिटरचं ते इंजिन अश्वशक्ती जेमतेम पन्नासच्या आसपास देई, म्हणजे आजच्या लहान मोटारीपेक्षाही कमी. पण ती शक्ती ते तासन्‌तास, कुरकुर न करता देई, आणि हेच लोकांना पटवायचं होतं.

ते पटवण्याची जबाबदारी कंपनीचा कारभार पाहणाऱ्या क्लॉड जॉन्सनने घेतली. चंदेरी रंगाची, एएक्स २०१ क्रमांकाची गाडी त्याने आधी स्कॉटलंडच्या डोंगराळ चाचणीत उतरवली आणि मग लंडन-ग्लासगो रस्त्यावर सोडली. लंडनहून ग्लासगो, ग्लासगोहून लंडन, रविवार सोडून रात्रंदिवस. सोबत रॉयल ऑटोमोबाइल क्लबचा निरीक्षक. ६२९ मैलांवर रस्त्याच्या धक्क्यांनी पेट्रोलची तोटी आपोआप फिरून बंद झाली आणि गाडी मिनिटभर थांबली. त्यानंतर यंत्रातल्या दोषापायी न थांबता तिने १४,३७१ मैल कापले. तो त्या वेळचा विक्रम होता.

खरी परीक्षा त्यानंतर झाली. क्लबच्या लोकांनी गाडी सुटी केली आणि ती पुन्हा कोरी करायला काय काय बदलावं लागेल याची यादी केली. खर्चाचा आकडा निघाला दोन पौंड, दोन शिलिंग, सात पेन्स. स्टिअरिंगचे काही सांधे, मॅग्नेटोचा जोड, पंख्याचा पट्टा असल्या किरकोळ वस्तूंचा तो हिशोब होता. इंजिनाच्या बेअरिंगांत मोजण्याजोगी झीज सापडली नाही.

जाहिरातीसाठी रचलेला हा खेळ होता यात शंका नाही. तरीही त्यात एक प्रामाणिकपणा होता, आणि तो आजच्या वाचकाने लक्षात घ्यावा इतका मोलाचा आहे. गाडी न थांबता पळाली एवढं सांगून कंपनीला मोकळं होता आलं असतं. तिने इंजिन परक्या माणसांच्या हाती देऊन उघडायला लावलं. नुसतं धावणं पुरेसं नसतं. बेअरिंगचा थर तडकलेला असतानाही इंजिन काही दिवस चालत राहतं, आणि मग एका संध्याकाळी रॉड ठोकायला लागतो. आतली स्थिती उघडूनच कळते.

पुढच्याच वर्षी ही परीक्षा सह्याद्रीत आली. १९०८ मध्ये मुंबई-कोल्हापूर अशी मोटारींची चाचणी झाली. सुमारे ६२० मैलांचं अंतर आणि वाटेत सहा मोठे घाट. 'पर्ल ऑफ द ईस्ट' नावाची सिल्व्हर घोस्ट त्यात उतरली आणि जिंकली. ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी ती विकत घेतली. हिंदुस्थानातल्या संस्थानिकांच्या दारात रोल्स-रॉइस गाड्यांची जी रांग पुढे लागली, तिच्या आरंभीच एका मराठी राजघराण्याने घेतलेली, घाट चढून आलेली ही गाडी उभी आहे.

घाट बेअरिंगला का छळतो, हे टॉवरच्या प्रयोगावरून नीट उमगतं. तेल आत ओढून घेण्याची क्रँकची ताकद त्याच्या फिरण्याच्या वेगावर असते. सपाट रस्त्यावर इंजिन झपाझप फिरतं, तेलाचा थर जाड राहतो. बोरघाटासारखी चढण लागली की वेग उतरतो, पिस्टनवरचा भार मात्र वाढतो. गाडी हळू चालल्याने रेडिएटरला वारा कमी मिळतो, इंजिन तापतं, तेल पातळ होतं. हळू फिरणं, जास्त भार आणि पातळ तेल असे तिन्ही त्रास एकदम येतात, आणि तेलाचा थर काही मायक्रॉनवर येतो. मुंबईच्या उकाड्यात निघालेल्या गाडीला हे सहा वेळा सोसायचं होतं. लंडन-ग्लासगोच्या थंड हवेत मिळालेलं प्रशस्तिपत्र इथे कामाचं नव्हतं. हिंदुस्थानातल्या गिऱ्हाइकाला पटेल असा पुरावा हिंदुस्थानातल्या चढणीवरच मिळणार होता.

रस्त्यावरच्या अशा चाचण्यांत एक उणीव असते. ड्रायव्हर, हवा, रस्ता, पेट्रोल सगळंच बदलत राहतं, आणि दोन गाड्यांची तुलना पक्की होत नाही. १९०९ मध्ये इंग्लंडच्या डेमलर कंपनीने याला उत्तर दिलं. ब्रिटिश राजघराण्याच्या गाड्या पुरवणारी ही कंपनी. तिने नेहमीच्या व्हॉल्व्हऐवजी सरकत्या नळ्यांचं, चार्ल्स नाइटच्या पद्धतीचं नवं इंजिन आणलं होतं आणि ते टिकणार नाही असं पुष्कळ जण म्हणत होते. डेमलरने दोन इंजिनं रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या स्वाधीन केली. क्लबने ती आधी चाचणीच्या बाकावर बांधून सलग १३२ तास भारावर चालवली. मग तीच इंजिनं चासिसवर चढवून ब्रुकलँड्सच्या गोल मार्गावर दोन हजार मैलांच्या आसपास पळवली. नंतर पुन्हा बाकावर घेऊन ताकद मोजली आणि शेवटी उघडून पाहिली. झीज नगण्य निघाली, आणि कंपनीला क्लबची त्या वर्षीची ड्यूअर ट्रॉफी मिळाली. आधी बाक, मग रस्ता, पुन्हा बाक आणि शेवटी उघडणं, हा क्रम आजच्या चाचणीशाळेतल्या माणसालाही ओळखीचा वाटेल.

पहिल्या महायुद्धानंतर इंजिनांचा वेग वाढला आणि व्हाइट मेटलची दुखरी जागा उघडी पडली. क्रँक दुप्पट वेगाने फिरवला की पिस्टन आणि रॉड यांच्या ओढाताणीने येणारा भार चौपट होतो. घाटात शत्रू होता पातळ झालेला तेलाचा थर. सपाट, सरळ रस्त्यावर आता धातूचा थकवा हा नवा शत्रू आला. भार येतो-जातो, येतो-जातो, आणि लाखो वेळा असं झाल्यावर थराच्या पृष्ठभागावर बारीक तडे जातात. वैशाखात परभणीच्या काळ्या रानाला भेगा पडाव्यात, तशी त्यांची जाळी दिसते. भेगा एकमेकींना मिळाल्या की मधला तुकडा सुटून निघतो आणि बेअरिंग खलास होतं. तापमान वाढलं की कथील आणखी मऊ पडतं, त्यामुळे थकवा लवकर येतो.

रोल्स-रॉइसच्या लोकांना हे इंग्लंडच्या वळणावळणाच्या रस्त्यांवर पुरेसं कळत नव्हतं. म्हणून त्यांनी फ्रान्समधल्या शातोरू गावी तळ ठोकला. तिथले रस्ते लांब आणि सरळ. नवं मॉडेल बाजारात आणण्याआधी त्याची प्रायोगिक गाडी तिथे दहा हजार मैल दामटायची, मग डर्बीच्या कारखान्यात नेऊन उघडायची, हा शिरस्ता पडला. १९३० च्या दशकात जर्मनीचे ऑटोबान झाले आणि श्रीमंत मालक पूर्ण वेगात तासन्‌तास गाडी हाकू लागले. घरच्या रस्त्यावर वर्षानुवर्षं टिकणारी बेअरिंगं तिथे हात टेकू लागली. रोल्स-रॉइसच्या मालकीच्या बेंटलीने १९३८ मध्ये आपल्या सव्वाचार लिटरच्या गाडीला ओव्हरड्राइव्ह गिअर दिला. वेग तोच राहील, पण इंजिन कमी फेऱ्या घेईल, अशी ती सोय होती.

धातूच्या बाजूनेही शोध चालू होता. तांबं आणि शिसं यांचा थर पोलादी पात्यावर बसवला तर तो कथलापेक्षा कितीतरी जास्त भार सोसतो, असं दिसलं. अमेरिकेत अ‍ॅलिसन कंपनीच्या नॉर्मन गिलमनने विमानाच्या इंजिनांसाठी अशी बेअरिंगं बनवली. पण त्यांचंही एक दुखणं निघालं. तापलेलं तेल जुनं झालं की आंबट होतं, आणि ते आम्ल शिशाला खाऊन टाकतं. त्यामुळे तेलाचीही परीक्षा बेअरिंगवरच घ्यायची पद्धत आली. अमेरिकेतली 'एल-३८' ही चाचणी त्यातलीच. एका सिलिंडरच्या इंजिनात तांबं-शिशाचं बेअरिंग बसवायचं, चाळीस तास चालवायचं, आणि आधी-नंतरचं वजन करून किती मिलिग्रॅम गेलं ते पाहायचं. परभणीच्या दुकानातल्या ऑइलच्या डब्यावर 'एपीआय' आणि पुढे इंग्रजी अक्षरं असतात. त्या दर्जासाठी घ्यायच्या चाचण्यांत वजनातली ही घट कित्येक वर्षं मोजली जात होती.

दुसरी सुधारणा होती थर पातळ करण्याची. मऊ धातू जितका जाड, तितका तो भाराखाली जास्त हलतो आणि लवकर थकतो. पोलादाच्या पाठीवर त्याचा अगदी पातळ थर दिला तर तोच धातू कितीतरी जास्त टिकतो. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड ग्रॅफाइट ब्राँझ कंपनीने अशी पातळ पाती साच्यातून काढायला सुरुवात केली होती. इंग्लंडच्या टोनी व्हँडरव्हेलने तिच्याकडून हक्क मिळवून १९३० च्या दशकात स्वतःचा कारखाना काढला. दुसऱ्या महायुद्धानंतर या माणसाने फेरारीच्या शर्यतीच्या गाड्या विकत घेतल्या आणि बेअरिंगांच्या नावावरून त्यांना 'थिनवॉल स्पेशल' असं नाव दिलं. पुढे स्वतःची 'व्हॅनवॉल' गाडी बांधून १९५८ मध्ये फॉर्म्युला वनचं पहिलं कन्स्ट्रक्टर्स अजिंक्यपद जिंकलं. बेअरिंग विकणाऱ्या कारखानदाराने शर्यतीत उतरून आपल्या मालाची परीक्षा जगासमोर घ्यावी, हे धाडस मनापासून दाद देण्याजोगं आहे.

त्याच सुमारास प्रयोगशाळांत फक्त बेअरिंगसाठी यंत्रं तयार झाली. जनरल मोटर्सच्या संशोधन विभागातलं अंडरवुड यंत्र त्यांतलं नावाजलेलं. त्यात ना पेट्रोल, ना स्फोट. असमतोल वजनं जोडलेला दांडा मोटरने फिरवायचा, त्या वजनांच्या ओढीने बेअरिंगवर ठरावीक भार आणायचा आणि तडा जाईपर्यंत तास मोजत राहायचं. पंधरा हजार मैलांची रपेट आता एका खोलीत मावली.

पातळ शेलने सगळ्यात मोठा बदल केला तो दुरुस्तीत. आधी बेअरिंग 'ओतावं' लागायचं. मिस्त्री जुना थर वितळवून काढायचा, कवचाला कल्हई करायचा, कढईत बॅबिट तापवायचा. धातू पुरेसा तापला की नाही हे लाकडाची काडी बुडवून, ती किती करपते त्यावरून ठरवायचा. ओतल्यावर आतून कातायचं, क्रँकला निळा रंग लावून फिरवायचं, जिथे रंग उठेल तिथे स्क्रेपरने खरवडायचं, आणि पुन्हा रंग लावायचा. चांगला मिस्त्री यात अख्खा दिवस घालवी. त्याच्या हाताइतकीच त्या इंजिनाची खात्री असे. शेल आल्यावर कारखान्यात मोजून काढलेली जोडी खोक्यातून काढायची आणि बसवायची. क्रँक झिजला असेल तर तो ग्राइंडिंगला टाकायचा आणि दहा, वीस किंवा तीसचं बेअरिंग मागायचं. हे आकडे इंचाच्या हजाराव्या भागाचे. मेट्रिक पद्धत येऊन किती वर्षं झाली, तरी वर्कशॉपमधले मेकॅनिक आजही असंच मागतात.

आलिशान मोटारींसाठी झालेल्या या खटाटोपाचं फळ महाराष्ट्राच्या खेड्यात पोचलं ते ऑइल इंजिनाच्या रूपाने. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली, आणि १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचा कारखाना उभा राहिला. या कंपनीने इंजिनांबरोबर बेअरिंगंही बनवली. साताऱ्याकडे कूपर, कोल्हापूरला उद्यमनगरातले कारखानदार, गुजरातेत राजकोटचे इंजिनवाले, अशा कितीतरी हातांनी मराठवाड्याच्या विहिरींवर आणि पिठाच्या गिरण्यांवर इंजिनं पोचवली. १९०८ च्या चाचणीत ज्या कोल्हापूरपर्यंत परदेशी मोटारी घाट ओलांडत गेल्या, तेच शहर पुढे ओतकामाचं आणि इंजिनांच्या सुट्या भागांचं मोठं केंद्र झालं.

शेतातल्या इंजिनाची परिस्थिती पाहिली तर राजाच्या गाडीपेक्षा ते जास्त सोसतं. किर्लोस्करच्या जुन्या एव्ही-वन इंजिनाचं उदाहरण घ्यावं. पाच अश्वशक्ती, एकच सिलिंडर, त्याचा व्यास ८० मिलिमीटर, मिनिटाला १,५०० फेऱ्या. अशा इंजिनात ज्वलनाचा कमाल दाब साठ-सत्तर बारपर्यंत जातो, म्हणजे पिस्टनवर क्षणभर तीन टनांच्या वर भार येतो. मिनिटाला ७५० वेळा. हा भार पेलणारी शेलची जोडी तळहातावर मावते. वर परभणीचा चाळिशी ओलांडणारा उन्हाळा, काळ्या मातीची धूळ, आणि पुष्कळदा बदलायचं राहून गेलेलं ऑइल.

अशा इंजिनांसाठी भारतीय मानक आयएस १०००० च्या नवव्या भागात टिकाऊपणाची चाचणी सांगितली आहे. एक फेरा सोळा तासांचा. चार तास पूर्ण भार, चार तास निम्मा, एक तास दहा टक्के जादा, अर्धा तास रिकामं, मग तीन तास पूर्ण आणि साडेतीन तास निम्मा. असे ३२ फेरे, एकूण ५१२ तास. एव्ही-वनच्या हिशोबाने या काळात बेअरिंगवर दोन कोटी तीस लाखांहून जास्त ठोके पडतात. चाचणी संपली की इंजिन उघडतात. क्रँकचा व्यास, बेअरिंगची जाडी, रिंगांचं वजन आधीच्या आकड्यांशी ताडून पाहतात. मधल्या काळात ठरावीक तासांनी काढलेल्या ऑइलच्या नमुन्यांत लोखंड, तांबं, शिसं, कथील किती आलं तेही तपासता येतं. शिसं आणि कथील एकाएकी वाढलं तर इंजिन न उघडताही बेअरिंगवर शंका घेता येते. बायोडिझेल भारतीय इंजिनांत चालेल का, हे पाहणाऱ्या संशोधकांनीही याच ५१२ तासांचा आधार घेतला.

मोटारींच्या बाबतीत हे काम आपल्याकडे पुण्याच्या वेताळ टेकडीवर चालतं. १९६६ मध्ये स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था तिथे आहे. लष्करी वाहनांची परीक्षा अहिल्यानगरच्या (पूर्वीच्या अहमदनगरच्या) व्हीआरडीईत होते, आणि मराठी माणसाला परकं नसलेल्या इंदूरजवळ पिथमपूरला सव्वाअकरा किलोमीटरचा वेगवान चाचणीमार्ग झाला आहे. या संस्थांचे अहवाल सामान्य वाचकाच्या हाती फारसे पडत नाहीत. १९०७ च्या त्या दोन पौंडांच्या यादीसारखी एखादी साधी यादी, गाडी इतकी चालली आणि इतकं झिजलं असं सांगणारी, गिऱ्हाइकाला आजही मिळायला हवी.

पंपाच्या इंजिनाला जो मालक स्वतः राबवतो, त्याच्यासाठी या सगळ्या चाचण्यांतून निघालेली एक गोष्ट सर्वांत उपयोगी आहे. पुरेसं आणि स्वच्छ ऑइल असेल तर चालत्या इंजिनात बेअरिंग फारसं झिजत नाही. ते झिजतं सुरू करताना आणि बंद करताना. थांबलेल्या क्रँकखालचं तेल निथळून जातं, आणि पहिल्या काही फेऱ्यांत धातू धातूवर घासतो. म्हणून हँडल मारल्याबरोबर पूर्ण भार देऊ नये. ऑइलचा दाब येईपर्यंत थोडा वेळ रिकामं चालू द्यावं. महिनोन्‌महिने बंद राहिलेलं इंजिन आधी डिकॉम्प्रेशन लिव्हर उचलून हाताने फिरवून घ्यावं. एअर क्लीनरमधलं ऑइल धुळीच्या दिवसांत लवकर बदलावं, कारण मऊ थरात धूळ रुतून बसते हे खरं असलं तरी त्या रुतण्यालाही मर्यादा असते.

सुरू होतानाची हीच झीज आता मोटारींच्या चाचणीशाळांत मध्यभागी आली आहे. सिग्नलला गाडी थांबली की इंजिन आपोआप बंद होतं आणि क्लच दाबला की सुरू होतं. जुन्या गाडीत दिवसातून दोन-चार वेळा होणारी सुरुवात आता कित्येक पटींनी वाढली. त्यातच युरोपीय संघाने जुन्या गाड्यांच्या भंगारातून विषारी शिसं पसरू नये म्हणून बेअरिंगांतल्या शिशाला दिलेली सूट २०११ मध्ये संपवली. कित्येक दशकं ज्याच्यावर भिस्त होती तो धातूच हातातून गेला. त्याच्या जागी अ‍ॅल्युमिनियम-कथील, बिस्मथ घातलेलं तांबं आणि वरून पॉलिमरचा लेप अशी बेअरिंगं आली. त्यांची परीक्षा किती मैल चालली यावर आटोपत नाही. चाचणीच्या यंत्रावर क्रँक फिरवतात, थांबवतात, पुन्हा फिरवतात, असं लाखो वेळा करतात, आणि मग शेल काढून मायक्रोमीटरखाली धरतात.